कर तर आपण भरतोच आहोत

महाडच्या बाजारपेठेत माझ्या एका स्नेह्यांचं दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर, एक तपकिरी रेघ आहे. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. नंतर दुकानाला दोनदा रंग दिला, पण तेवढी पट्टी त्यांनी मुद्दाम तशीच सोडली. परवा त्याच भिंतीला पाठ टेकून आम्ही चौघे-पाचजण चहा घेत होतो. वीजखात्यात उभं आयुष्य काढलेले एक निवृत्त अभियंते आमच्यात होते. बोलता बोलता ते म्हणाले, "हे कार्बनवर कर लावा, कोळशावर कर लावा, सगळं थोतांड आहे. कर लावून धूर कमी होत नाही, फक्त आपला खिसा कमी होतो. आपल्याकडे कोळशावर उपकर होताच की! काय झालं त्याचं? आणि महाड-पोलादपूरनं धूर कमी केला म्हणून सावित्रीचा पूर थांबणार आहे का?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं उत्तर तिथे नीट मांडता आलं नाही. चहाच्या दोन घोटांत मावेल असं ते नव्हतं. ते इथे मांडतो, कारण हेच बोलणं मी एसटी स्टँडवर ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ऐकतो. बोलणारी माणसं अडाणी नाहीत, स्वार्थीही नाहीत. त्यांचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारावर जाऊन थडकतोय.

आधी एक साधा हिशेब. पोलादपूर नाक्यावर एक टेम्पोवाला नेहमी भेटतो. आंबेनळी घाटानं महाबळेश्वरकडे माल चढवतो, येताना भाजी आणतो. गाडीत एक छोटी वही असते, तिच्यात डिझेलचा हिशेब पेन्सिलनं लिहिलेला. घाट चढताना किती लागलं, उतरताना किती, सगळं. कार्बन टॅक्स हा शब्द त्यानं ऐकलेला नाही, पण तो भरतो मात्र रोज. मे २०२२ मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं, त्यानंतरही डिझेलच्या लिटरमागे १५ रुपये ८० पैसे उरलेच होते. राज्याचा व्हॅट त्याहून वेगळा. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे नुसत्या केंद्राच्या शुल्काचा भागाकार केला तरी त्याच्या टेम्पोतून निघणाऱ्या एक टन कार्बन डायऑक्साइडवर तेव्हा ५,८०० रुपयांहून जास्त कर बसत होता.

आता कोळसा घ्या. त्याच काळात कोळशावर टनाला ४०० रुपये उपकर होता. एक टन देशी कोळसा जळला की दीड टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भागाकार करा. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे जेमतेम अडीचशे रुपये होतात. टेम्पोवाल्याला ५,८०० आणि औष्णिक वीज केंद्राला २५०. कोणी म्हणेल, डिझेलचा कर रस्त्यांसाठीही असतो, गाडीनं रस्ता झिजतो. कबूल आहे. अर्धा कर रस्त्याच्या खाती टाकला तरी उरलेला दहापटीहून जास्त आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम दहा-दहा वर्षं रखडलेलं पाहिलेल्या माणसाला रस्त्याचा दाखला देताना जीभ जरा अडखळायला हवी.

तेव्हा "कार्बनवर कर नको" हे म्हणणंच मुळात उशिराचं आहे. कर आहेच. तो फक्त उफराटा बसलाय. ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही त्याच्यावर सगळ्यात जड, आणि जिथे सगळ्यात काळा धूर निघतो तिथे सगळ्यात हलका.

अभियंते साहेबांचा मुख्य मुद्दा असा की कोळशावर उपकर होता, तरी कोळसा कमी झाला नाही. वस्तुस्थिती बरोबर आहे. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरुवात झाली, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. आजही देशातल्या दर चार युनिटांतली जवळपास तीन युनिटं कोळशाची आहेत. २०२५ च्या मध्यावर देशाची अर्धी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली म्हणून अभिनंदनाचे फलक लागले. ते यश खरं आहे, पण ती क्षमता आहे. प्रत्यक्षात आपल्या बल्बात उतरणारी वीज अजून कोळशाचीच आहे. हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो की त्या उपकरावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

कारण तो उपकर ज्याला टोचायला हवा होता त्याला टोचलाच नाही. वीजखात्यात काम केलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. वीज केंद्रांचे करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे. कोळसा महागला की वाढीव खर्च वीज कंपनीकडे, वीज कंपनीकडून आपल्याकडे. महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' अशी एक ओळ कधी ना कधी सगळ्यांनी पाहिली आहे. इंधनखर्चातले चढउतार त्या ओळीतून आपल्या घरी येतात. वीज केंद्राच्या मालकाला कोळसा सोडून दुसरं काही करण्याचं कारणच उरत नाही, त्याचा खर्च निघालेला असतो. कर कोळशावर लागला, भरला बिरवाडीच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं. बैल गोठ्यातच उभा आणि जू माणसाच्या मानेवर, अशी ती व्यवस्था. तिनं नांगरट होणार कशी?

आणि पैसा? राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी म्हणून एक निधी त्यासाठी काढला होता. २०१७ पर्यंत कोळशावरच्या उपकरातून ८६ हजार कोटींहून जास्त रुपये जमा झाले. त्यातला सुमारे एक तृतीयांशच त्या निधीत पोचला, आणि प्रत्यक्ष खर्च झाला तो त्याहूनही कमी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तो उपकर राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विरघळून गेला. स्वच्छ ऊर्जेचं नाव गेलं, वसुली राहिली. पेरणीसाठी काढलेलं बियाणं दळून खाल्लं, आणि आता आपणच म्हणतोय की या बियाण्याला उगवणच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तर टनाला ४०० रुपयांचा तो उपकरही गेला. त्याच्या जागी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर वाटतं, कर वाढला. पुन्हा भागाकार करू. टनाला १,२०० रुपयांचा हलका, राखेनं भरलेला कोळसा घ्या. पूर्वी त्यावर ६० रुपये जीएसटी आणि ४०० उपकर, मिळून ४६० पडायचे. आता २१६ पडतात. टनाला ५,००० रुपयांचा चांगल्या प्रतीचा कोळसा घ्या. पूर्वी ६५०, आता ९००. पूर्वीचा कर वजनावर होता, आताचा किमतीवर आहे. जो कोळसा जितका निकृष्ट, तितका त्याच्यावरचा कर हलका झाला. कार्बनच्या दृष्टीनं पाहिलं तर ही पावलं उलटी पडली आहेत, आणि त्यावर महाडात सोडा, मुंबईतही फारशी कोणी चर्चा केली नाही.

कर नीट लावला तर काय होतं याचं उदाहरण ब्रिटनचं आहे. ज्या देशानं कोळशावर साम्राज्य उभं केलं, त्याची २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. एप्रिल २०१३ पासून त्यांनी वीज केंद्रांच्या कार्बनवर किमान किंमत लावली आणि पुढे ती चढवत नेली. तिथे रोजच्या बाजारात जी वीज स्वस्त ती आधी घेतली जाते. शेजारी गॅसची केंद्रं तयार उभी होती. करामुळे कोळसा महाग झाला आणि त्या रांगेत मागे ढकलला गेला. प्रदूषणाचे कडक नियम आणि समुद्रातल्या पवनचक्क्या यांचाही वाटा होताच, एकट्या कराचं ते श्रेय नाही. पण ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे त्यांचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद झालं. बारा वर्षांत ४० टक्क्यांवरून शून्य. "कर लावून धूर कमी होत नाही" या वाक्याला एवढं एक उदाहरण पुरे आहे. फरक इतकाच की तिथे कर भरणाऱ्याच्या हाताशी पर्याय होता आणि कर दुसऱ्यावर ढकलून मोकळं होण्याची वाट अरुंद होती.

जिथे पर्याय नाही तिथे कर नुसता रक्त शोषतो. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरच्या वाढीव करावरून पिवळी जाकिटं घालून माणसं रस्त्यावर आली ती याचसाठी. पॅरिसमधल्या माणसाच्या दारात मेट्रो होती, खेड्यातल्या माणसाकडे जुनी डिझेल गाडी. त्या खेड्यातल्या माणसाचा चेहरा मला पोलादपूरच्या टेम्पोवाल्यासारखाच दिसतो. अभियंते साहेबांच्या रागात त्या माणसाचा राग आहे, आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूनं आहे.

आता चुलीकडे येतो, कारण या वादात रान कोण तोडतं असं विचारलं की शेवटी बोट तिच्याकडेच वळतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर मागच्या पावसाळ्याआधी गेलो होतो. घरात उज्ज्वला योजनेचा लाल सिलिंडर कोपऱ्यात उभा. त्याच्यावर जुन्या लुगड्याचा धडपा झाकलेला, धडप्यावर सूप, सुपात वाळवलेली आमसुलं. घरच्या काकी म्हणाल्या, "पाव्हणे आले का चहापुरता पेटवते. बाकी चूलच." सिलिंडर संपला की खालून आणायचा, त्याचं भाडं वेगळं. परसदारी मोळ्या रचून ठेवलेल्या, पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. ती काटकी, त्या सुक्या फांद्या, पडलेली झाडं. तेवढ्यानं रान संपत नाही.

रान संपतं ते दुसरीकडे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतले कितीतरी डोंगर मालकीचे आहेत. ठेकेदार येतो, आख्खं रान उक्तं घेतो, आणि मार्गशीर्षापासून ट्रक भरभरून जळाऊ लाकूड घाट उतरायला लागतं. आयन, किंजळ, जांभूळ, मनगटाएवढा बुंधासुद्धा सोडत नाहीत. कारखान्यांच्या बॉयलरला लाकूड चालतं, लाकडाची भुकटी दाबून केलेल्या कांड्या चालतात, आणि कार्बनच्या हिशेबात लाकडाचा धूर शून्य धरण्याची रीत आहे, कारण झाड पुन्हा वाढेल असं गृहीत. ते झाड कुठे, कोणत्या उतारावर आणि किती वर्षांनी वाढेल, हे त्या शून्यात कुठेही नसतं. उघड्या पडलेल्या उतारावर फाल्गुन-चैत्रात वणवा फिरतो आणि मृगात माती वाहते.

हे मी का सांगतो? कारण मी कोळशावर चढा कर मागतोय, आणि तो नुसता तसाच लावला तर बॉयलर कोळशावरून लाकडाकडे वळतील आणि आपलेच डोंगर आधी बोडके होतील. कर मागणाऱ्यांनी हे टाळून बोलू नये. कोळशावर कर हवा, आणि त्याच वेळी उतारावरचं मालकीचं रान उभं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी रोख मोबदला हवा, ठेकेदार देतो त्याहून चांगला. पोरीच्या लग्नासाठी रान विकणाऱ्याला "पर्यावरण जपा" असं सांगून भागत नाही. पैसा कुठून आणायचा, तर त्या ८६ हजार कोटींसारख्या पैशातून. तो याचसाठी होता.

"महाडनं धूर कमी केला म्हणून पूर थांबणार आहे का?" नाही थांबणार. माणशी पाहिलं तर भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस त्याच्या सातपट. हा मुद्दा जागतिक परिषदेत आपल्या प्रतिनिधींनी टेबलावर मूठ आपटून मांडावा, मी टाळ्या वाजवीन. पण एकूण बेरजेत आपला देश जगात तिसरा आहे, आणि वाटा कुणाचा किती हा प्रश्न अरबी समुद्राला पडत नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० नंतर मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे आहेत.

सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरी. २०२१ च्या जुलैत तिथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तो सगळा उतार धरून आपल्याकडेच आला. २२ जुलैच्या संध्याकाळी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. एखादी दरड केवळ तापलेल्या हवेमुळे कोसळली असं मी म्हणणार नाही. उताराचा कोन, मातीचा थर, खणलेले रस्ते, तोडलेलं रान, सगळं त्यात असतं. पण आधीच भिजून जड झालेल्या उतारावर एका दिवसात दोन फूट पाऊस ओतला जाण्याची शक्यता वाढत चालली असेल, तर "आमचा वाटा नगण्य" हे वाक्य आपल्याला कोणत्या छपराखाली नेतं? तळियेतून वाचलेल्या माणसांनी पत्र्याच्या कंटेनरमध्ये उन्हाळे काढले. त्यांचा कार्बनमधला वाटा तर खरोखरच शून्याजवळ होता.

आणखी एक गोष्ट बैठकीत कोणाच्या ध्यानात नव्हती. कर नको म्हटल्यानं कर टळत नाही, तो दुसऱ्याच्या तिजोरीत जातो. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालावर त्यातल्या कार्बनच्या हिशेबानं आकार लावला आहे. आपल्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या डोळवीला वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा पोलाद कारखाना आहे. माणगावच्या विळे-भागाडला पोलादी पत्र्याचा कारखाना आहे. महाडच्या एमआयडीसीतली रसायनं आज त्या यादीत नाहीत, पण यादी वाढवण्याची तयारी तिकडे सुरू आहे. त्या नियमात एक कलम असं आहे की मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे आपल्या कारखान्याकडून आपण कर घेतला तर तो दिल्लीत राहील, न घेतला तर युरोपात जाईल. हा आकार अन्यायाचा आहे, श्रीमंतांनी दीडशे वर्षं धूर सोडून आता जकात बसवली आहे, हे माझंही मत आहे. पण त्या अन्यायाला उत्तर म्हणून आपला पैसा त्यांच्या हाती सोपवणं हा कुठला स्वाभिमान?

धोरणानं काय होतं याची देशी साक्षही आहे. २०१० च्या सुमारास सरकारी लिलावात सौर वीज युनिटला बारा रुपयांच्या आसपास पडत होती. सरकारनं ती विकत घेण्याची हमी दिली, वर्षानुवर्षं लिलाव घेतले, आणि मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला दर २ रुपये ४४ पैशांवर आला. चिनी पॅनेल स्वस्त झाली हे खरं, पण हमीचा खरेदीदार नसता तर ती इथे येऊन बसवली कोणी असती? हे आपोआप झालेलं नाही.

आणि आता पुन्हा त्या टेम्पोवाल्याकडे, कारण त्याच्यासाठी पर्याय काय हा प्रश्न मी टाळलेला नाही. महाबळेश्वरच्या घाटाला आज पर्याय नाही, म्हणून त्याच्या डिझेलवरचा कर आधी उतरवावा असं मी म्हणतो. पण मुंबई-गोवा महामार्गानं आपल्या दारावरून दक्षिणेला जाणारे जे लांब पल्ल्याचे ट्रक आहेत, त्यांच्यासाठी पर्याय १९९९ पासून आहे. कोलाडला ट्रक मालासकट रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. कोकण रेल्वेची ती रो-रो सेवा. २०२२ मध्ये हा सगळा मार्ग विजेवर आला. म्हणजे जो ट्रक घाटांच्या चढाला काळा धूर ओकत जातो, तो कोलाडपासून डिझेलचा थेंब न जाळता गोव्याला पोचू शकतो, आणि उद्या वीज सूर्याची झाली तर धुराविनाच.

मग सगळे ट्रक त्यावर का जात नाहीत? कोलाडच्या बाजूला एका ट्रकचालकाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "गाडी भरेपर्यंत थांबा, क्रॉसिंगला थांबा. दिवस मोडतो, साहेब. शेठ विचारतो, गाडी कुठाय." क्रॉसिंगला थांबावं लागतं, कारण रूळ एकेरी आहे. कोकण रेल्वेचा दुहेरी रूळ रोह्यापासून निघाला आणि २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या वीर स्टेशनापर्यंत आला. तिथून पुढे पुन्हा एकच. वीरच्या फलाटावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की तो दुसरा रूळ कुठे संपतो ते दिसतं. अभियंते साहेबांना मी तिथे घेऊन जाणार आहे.